"आम्ही काहीच बदलले नाही, तरी साईट बंद पडली": ब्राउझरच्या पुढच्या आवृत्तीत टिकणारे संकेतस्थळ

बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातील लहान संस्थांची संकेतस्थळे सांभाळताना एक फोन मला वर्षातून एकदोनदा हमखास येतो. पलीकडून मॅनेजर काळजीच्या सुरात सांगतात, "सर, काल संध्याकाळपर्यंत चालत होतं की वो. आम्ही कशालाच हात लावलेला नाही." त्यांचे म्हणणे खरे असते. सर्व्हरवरील फाईलींच्या तारखा तपासल्या, तर कित्येक महिन्यांत तिथे कोणी फिरकलेलेही नसते. बदललेला असतो तो ब्राउझर, आणि तो रात्रीतून, कोणाला न विचारता बदललेला असतो. यावर बहुतेक जण जो उपाय करतात, तो पुढच्या बिघाडाची पेरणी करून ठेवतो, आणि म्हणूनच हे दुखणे पुन्हा पुन्हा उद्भवते. ते मुळापासून कसे काढावे, हे एका संस्थेच्या उदाहरणाने मांडतो.

निपाणी परिसरातील एका क्रेडिट सोसायटीचे हे उदाहरण आहे. सभासदांनी कर्जाचा हप्ता ऑनलाईन भरावा, दारोदार जाऊन रोजची बचत गोळा करणाऱ्या पिग्मी एजंटांनी दिवसाची जमा मोबाईलवरून नोंदवावी आणि काउंटरवर पावती छापून मिळावी, अशी तीन कामे तिच्या संकेतस्थळावर चालतात. मूळ कोड लिहिणारे गृहस्थ कधीच दुसऱ्या शहरी गेले होते. चार वर्षांत हे संकेतस्थळ चार वेळा बिघडले आणि प्रत्येक वेळी तक्रार इतकी निराळी होती, की चारांचे मूळ एकच असेल अशी शंकाही सुरुवातीला मला आली नाही.

चार तक्रारी

पहिली तक्रार २०२० च्या पावसाळ्यातली. हप्ता भरून पेमेंट गेटवेवरून, म्हणजे पैसे स्वीकारणाऱ्या दुसऱ्या कंपनीच्या पानावरून, परतलेल्या काही सभासदांना पावतीऐवजी पुन्हा लॉगिनचे पान दिसू लागले. पैसे खात्यातून गेलेले, पण पावती नाही. चमत्कारिक भाग असा की निपाणी शहरातील सभासदांची तक्रार क्वचितच येई, तर खानापूर तालुक्यातील जंगलपट्टीच्या गावांतून ती रोज येई. गावाचा आणि ब्राउझरचा काय संबंध, या प्रश्नाने मला तीन दिवस छळले. उत्तर कुकीत, म्हणजे लॉगिन लक्षात राहावे म्हणून संकेतस्थळ ब्राउझरमध्ये ठेवते त्या लहानशा नोंदीत होते. क्रोमने त्या वर्षी, फेब्रुवारीतील ८० व्या आवृत्तीपासून, नवा नियम आणला: ज्या कुकीवर 'सेमसाईट' हा गुणधर्म लिहिलेला नाही, ती 'लॅक्स' समजली जाईल, म्हणजे दुसऱ्या संकेतस्थळाने पोस्ट पद्धतीने पाठवलेल्या विनंतीसोबत ती जाणार नाही. कोविडच्या साथीत महत्त्वाची संकेतस्थळे अडू नयेत म्हणून एप्रिलमध्ये हा बदल मागे घेतला गेला आणि जुलैत ८४ व्या आवृत्तीसोबत पुन्हा लागू झाला. त्यात एक सवलत ठेवलेली होती: कुकी देऊन दोन मिनिटेही झालेली नसतील, तर ती अशा विनंतीसोबतही जाऊ द्यायची. गेटवे सभासदाला याच पोस्ट पद्धतीने परत पाठवी, आणि आमचा सर्व्हर पैसे भरण्याच्या पानावर नवी कुकी देत असे. ज्याचा ओटीपी लगेच येई, तो दोन मिनिटांच्या आत परतून पावती घेई. जिथे रेंज नसल्यामुळे ओटीपीला तीन मिनिटे लागत, तिथला सभासद बाहेर फेकला जाई.

दुसरी तक्रार नेमकी मार्च एंडच्या गर्दीत आली. २९ मार्च २०२२ रोजी क्रोमची १०० वी आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि पुढच्या काही दिवसांत काउंटरवरील संगणकांवर "आपला ब्राउझर फार जुना आहे, कृपया नवीन घ्या" असा फलक झळकू लागला. कोड चाळीसच्या आतील आवृत्त्या जुन्या समजत असे, पण तो आवृत्तीचे पहिले दोनच अंक वाचत होता. शंभरातले पहिले दोन अंक म्हणजे दहा, आणि दहा हा चाळीसपेक्षा लहान, म्हणून जगातील सर्वांत नवा ब्राउझर जुना ठरला.

तिसऱ्या वेळी, २०२३ च्या सुरुवातीच्या महिन्यांत, पिग्मी एजंटांचे मोबाईल एकामागून एक नाकारले जाऊ लागले. एजंटाने स्वतःच्याच मोबाईलवरून जमा नोंदवावी, या चांगल्या हेतूने कोड मोबाईलचे मॉडेल तपासत असे, आणि ते मॉडेल तो ब्राउझरच्या ओळखपंक्तीतून, म्हणजे ब्राउझर प्रत्येक विनंतीसोबत स्वतःची ओळख सांगतो त्या यूजर एजंट नावाच्या ओळीतून, उचलत असे. क्रोमने लोकांच्या खाजगीपणाच्या रक्षणासाठी त्या पंक्तीतील तपशील कमी करत आणले आणि अँड्रॉइडवर मॉडेलच्या जागी केवळ 'के' हे एक अक्षर आणि अँड्रॉइडची आवृत्ती म्हणून सरसकट १० हा आकडा द्यायला सुरुवात केली. त्यानंतर सगळ्या एजंटांचे मोबाईल कोडच्या दृष्टीने सारखेच झाले.

चौथी तक्रार २०२४ च्या जुलै अखेरची. पावत्यांच्या यादीत नवी ओळ भरली, तरी खालची बेरीज शून्यावरून हलेना. यादीत नवी ओळ आल्याची खबर कोड 'म्युटेशन इव्हेंट' या जुन्या सोयीवरून घेत होता. ही सोय वापरू नये असे वेबच्या मानकात २०११ पासूनच लिहिलेले होते, तिची जागा घेणारा 'म्युटेशन ऑब्झर्व्हर' २०१३ च्या अखेरीपर्यंत सर्व प्रमुख ब्राउझरांत पोहोचला होता आणि क्रोमने १२७ व्या आवृत्तीत जुनी सोय काढून टाकली. सूचना आणि बिघाड यांत तेरा वर्षे गेली होती. आम्ही ती सूचना कधी वाचलीच नव्हती.

या चारही ठिकाणी कोडने अशा गोष्टीवर भार टाकला होता, जिची हमी त्याला कोणी दिलेली नव्हती. कुकी न सांगता सगळीकडे जाईल, आवृत्तीचा आकडा दोन अंकीच राहील, ओळखपंक्तीत मॉडेल असेल आणि टाकून दिलेली सोय कायम चालेल, ही सगळी आमची गृहीतके होती. पुढच्या ब्राउझरसाठी संकेतस्थळ तयार करणे म्हणजे ही गृहीतके शोधून काढून टाकणे, असे माझे मत त्या चौथ्या वेळी पक्के झाले.

दोष अपडेटचाच आहे, हे कसे ओळखावे

सर्वांत विश्वसनीय खूण अशी की एकाच कार्यालयात, एकाच इंटरनेट जोडणीवर, एका काउंटरवर संकेतस्थळ चालते आणि शेजारच्या काउंटरवर चालत नाही. नवी आवृत्ती सर्वांना एकाच दिवशी मिळत नाही, ती टप्प्याटप्प्याने दिली जाते. म्हणून दोन्ही संगणकांवरील ब्राउझरची आवृत्ती आधी लिहून घ्यावी. ती वेगळी निघाली, तर अर्धा तपास तिथेच झाला. त्यानंतर तेच पान फायरफॉक्सवर उघडावे. आमच्या कुकीच्या घोळात फायरफॉक्सवर तोच व्यवहार सुरळीत होत होता, आणि त्यावरूनच सर्व्हर निर्दोष असल्याचे मला कळले. तिसरी पायरी म्हणजे विकासकांच्या साधनांतील कन्सोल उघडून पिवळ्या आणि लाल ओळी शांतपणे वाचणे. म्युटेशन इव्हेंट जाणार असल्याचा इशारा तिथे दिसत होता, पण लाल नसलेल्या ओळींकडे मी कधी लक्ष दिले नव्हते. क्रोममध्ये 'इश्यूज' नावाचा वेगळा कप्पाही असतो, तोही पाहावा.

या टप्प्यावर एक चुकीची मागणी हटकून पुढे येते: "सर, त्या क्रोमचं अपडेटच बंद करून टाका." पिग्मीची जमा आणि लोकांच्या ठेवी ज्या संगणकावरून हाताळल्या जातात, त्याचे सुरक्षेच्या दुरुस्त्यांसह येणारे अपडेट बंद करणे हा उपाय मी कोणत्याही परिस्थितीत करत नाही, आणि कोणी करू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. शिवाय काउंटरवरचे संगणक थांबवता येतील, पण सभासदाच्या हातातील मोबाईल आपल्या ताब्यात कुठे आहे?

नाव विचारू नये, काम विचारावे

दुसऱ्या तक्रारीच्या वेळी झालेली चूक मी आधी सांगतो, कारण ती सर्वत्र होते. फलक दिसू लागल्यावर मी घाईने दोनऐवजी तीन अंक वाचायची व्यवस्था केली आणि मार्च एंड पार पाडला. काम भागले, पण तपासणी तशीच राहिली. खरा उपाय ती तपासणीच काढून टाकणे हा होता.

ओळखपंक्तीवर विसंबणे किती फोल आहे, हे ब्राउझर बनवणाऱ्यांच्या वागण्यावरूनच दिसते. ऑपेराची १० वी आवृत्ती २००९ मध्ये आली, तेव्हा अनेक संकेतस्थळांनी दहाचा एक वाचला, म्हणून ऑपेराने पंक्तीच्या सुरुवातीला ९.८० हा आकडा गोठवून खरा आकडा शेवटी नेला. ॲपलची मॅक प्रणाली २०२० मध्ये अकरावर गेली, पण सफारी आजही ओळखपंक्तीत १०.१५.७ हाच आकडा सांगते. फायरफॉक्स ११० वर पोहोचला, तेव्हा 'आरव्ही' या खुणेपुढे ११ दिसताच त्याला इंटरनेट एक्सप्लोरर ११ समजणारी संकेतस्थळे निघाली, म्हणून ११० ते ११९ या दहा आवृत्त्यांत ती खूण १०९ वरच थांबवून ठेवावी लागली. आपल्यासारख्यांच्या चुकीच्या तपासण्यांपासून वाचण्यासाठी ज्या पंक्तीला वारंवार असत्य बोलावे लागते, तिच्यावर आपण पैशांचा व्यवहार का टांगावा?

म्हणून संपूर्ण कोडमध्ये 'नॅव्हिगेटर'च्या 'यूजरएजंट' आणि 'ॲपव्हर्जन' या गुणधर्मांचा शोध घ्यावा. सर्व्हरच्या बाजूच्या पीएचपी फाईलीही पाहाव्यात, कारण अर्ध्या तपासण्या तिथे दडलेल्या असतात. जुन्या लायब्ररींचा, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार कोडचा, वेगळा विचार करावा. जेक्वेरीने ब्राउझर ओळखण्याची आपली सोय जानेवारी २०१३ मधील १.९ आवृत्तीतच काढून टाकली, तरी तिच्या आधीच्या आवृत्तीवर उभी असलेली संकेतस्थळे आमच्या भागात मला अजून सापडतात.

तपासणी काढल्यावर तिच्या जागी काय लिहायचे? बहुतेक ठिकाणी काहीच नाही. चाळीसच्या आतील ब्राउझर अडवण्याची गरज एकेकाळी असेल, आज ती उरलेली नाही. जिथे खरेच वेगळे वागावे लागते, तिथे हवी ती सोय ब्राउझरमध्ये आहे का, हे थेट विचारावे, आणि सोयीचे नाव असले तरी ती चालेलच असे नाही म्हणून ती वापरून पाहून, अपयश आल्यास साधा मार्ग धरावा. मांडणीच्या नियमांत तर हे फार सोपे आहे. सीएसएसमध्ये न कळलेली घोषणा ब्राउझर मुकाट्याने वगळतो, म्हणून साधी घोषणा आधी आणि नवी नंतर लिहिली की काम होते, आणि मोठ्या बदलासाठी 'सपोर्ट्स' हा नियम आहेच. जावास्क्रिप्टला मात्र ही सहनशीलता नाही. न कळणारे एक चिन्ह आले, तर ती संपूर्ण फाईल बाद होते. म्हणून नव्या धाटणीचा कोड वेगळ्या फाईलीत ठेवावा आणि हप्ता भरण्याचा अर्ज हा साधा एचटीएमएल अर्ज म्हणून, स्क्रिप्टशिवायही सर्व्हरपर्यंत पोहोचेल असा असावा.

एका सोयीवरून दुसरीचा अंदाजही बांधू नये. 'डॉक्युमेंट'ची 'ऑल' ही सोय आहे म्हणजे हा इंटरनेट एक्सप्लोरर, असा तर्क पूर्वी इतक्या ठिकाणी लिहिला गेला, की ती सोय अस्तित्वात असूनही "तुझा प्रकार काय" असे विचारल्यावर तिने "मी नाहीच" असे उत्तर द्यावे, असा अपवाद एचटीएमएलच्या मानकात लिहून ठेवावा लागला.

आवृत्तीचा आकडा वाचणे क्वचित अपरिहार्य असते, हे मी मान्य करतो. कुकीचाच दाखला घ्या. 'सेमसाईट नन', म्हणजे ही कुकी दुसऱ्या संकेतस्थळावरून येणाऱ्या विनंतीसोबतही जाऊ द्यावी, असे स्पष्ट लिहिणे हा योग्य उपाय होता, पण क्रोमच्या ५१ ते ६६ या आवृत्त्या अशी कुकी नाकारत आणि आयओएस १२ वरील सफारी तिचा अर्थ नेमका उलटा, सर्वांत कडक असा घेई. अशा वेळी तपासणी लिहावी, पण तिची दोन्ही टोके बंद असावीत: "५१ पासून ६६ पर्यंत" असे लिहावे, "५१ आणि त्यापुढे" असे कधीही लिहू नये. प्रसिद्ध होऊन गेलेल्या आवृत्तीतील दोष आपल्याला माहीत असतो, आणि जी आवृत्ती अजून जन्मलीच नाही, तिच्यावर तो आधीच लादणे म्हणजे तिच्यासाठी खड्डा खणणे होय. अनोळखी ब्राउझर समोर आला, तर त्याला पूर्ण पान द्यावे. 'तुम्हाला प्रवेश नाही' असा फलक देऊ नये.

पिग्मी एजंटांच्या प्रश्नात आम्ही मोबाईल ओळखण्याचा नाद सोडून एजंट ओळखण्याकडे वळलो. प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन आणि दर दिवशी एकदा ओटीपी दिला. खरे तर सुरुवातीपासून हवे होते ते हेच, कारण एकाच मॉडेलचे मोबाईल बाजारात हजारो असतात.

नावांची टक्कर

हा भाग फार थोड्यांना माहीत असतो, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. ब्राउझर जुन्या सोयी काढतो तेव्हाच बिघाड होतो असे नाही, नव्या सोयी घालतो तेव्हाही होतो. बटणाच्या आतच 'ऑनक्लिक' लिहून एखादे फंक्शन बोलावले, तर ब्राउझर ते नाव आधी त्या बटणाच्या स्वतःच्या गुणधर्मांत, मग अर्जात, मग दस्तऐवजात आणि शेवटी आपल्या कोडमध्ये शोधतो. समजा आपण आपल्या फंक्शनला 'ॲनिमेट' असे नाव दिले आहे. ब्राउझरांनी प्रत्येक घटकाला 'ॲनिमेट' नावाची स्वतःची क्षमता दिली, त्या दिवसापासून आपले फंक्शन न चालता त्यांचे चालू लागले. आपण कोडमधील एक अक्षरही बदललेले नसते.

मूटूल्स या लायब्ररीची गोष्टही अशीच आहे. तिने सर्व याद्यांच्या मूळ साच्यातच 'फ्लॅटन' नावाची क्रिया घातली होती. पुढे भाषेच्या मानकात त्याच नावाची क्रिया येऊ घातली, तेव्हा तिच्यावर उभी असलेली जुनी संकेतस्थळे मोडतात असे दिसले, आणि २०१८ मध्ये बऱ्याच वादानंतर मानकातील नावच बदलून 'फ्लॅट' करण्यात आले. त्या वेळी जुन्या संकेतस्थळांसाठी मानक नमले. आमच्या निपाणीच्या एका सोसायटीसाठी ते नमेल, अशी आशा धरून चालता येत नाही.

यावर माझा उपाय साधा आहे. भाषेच्या मूळ साच्यांत स्वतःचे काही घालत नाही, घटना बटणाच्या आत न लिहिता स्क्रिप्टमधून जोडतो आणि फंक्शनांना मराठी नावे देतो. 'पावतीछापा', 'हप्तामोजा', 'पिग्मीजमा' ही नावे कोणताही ब्राउझर उद्या स्वतःसाठी घेईल असे मला वाटत नाही, आणि आमच्याकडे नवीन येणाऱ्या मुलांना ती चटकन कळतात, हा आणखी एक फायदा. त्याचप्रमाणे 'डेटा' आणि आडवी रेघ यांनी सुरू होणारे गुणधर्म लेखकांसाठी राखून ठेवल्याचे आणि नावात आडवी रेघ असलेले घटकच आपले स्वतःचे घटक असतील असे एचटीएमएलच्या मानकाने सांगितले आहे. हे लेखी वचन आहे, आणि अशाच वचनांवर बांधकाम करावे.

वाचायला दिलेला मजकूर कोडने वाचू नये

सीमाभागातील संकेतस्थळे मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषांत असतात, आणि त्यातून आमच्याकडे हा एक खास बिघाड उद्भवतो. रक्कम त्या त्या भाषेच्या रिवाजाने दाखवण्याची सोय ब्राउझरमध्ये आहे. कन्नड निवडले तर ती आपणहून इंग्रजी अंक देते, मराठी निवडले तर देवनागरी अंक देते. एका संकेतस्थळावर पडद्यावर छापलेली हीच रक्कम पुन्हा वाचून बेरीज केली जात होती. कन्नड पानावर बेरीज बरोबर येई, मराठी पानावर 'संख्या नाही' असे उत्तर येई, कारण देवनागरीत लिहिलेले १२ जावास्क्रिप्टला आकडा म्हणून वाचता येत नाही. मराठी पान मुद्दाम मागे ठेवले आहे, असा समज एका सभासदाने करून घेतला होता. तो दूर करायला मला त्यांच्या घरी जावे लागले.

हे रिवाज ब्राउझरमध्ये एका सामायिक माहितीसाठ्यातून येतात आणि तो साठा बदलत राहतो. २०२३ च्या सुरुवातीला त्यातील एका बदलामुळे अमेरिकी इंग्रजीतील वेळेच्या आकड्यात आणि 'एएम-पीएम' यांत साध्या मोकळ्या जागेऐवजी न तुटणारी अरुंद जागा आली. डोळ्यांना फरक दिसत नव्हता, पण ती वेळ पुन्हा वाचणारे कोड इतक्या ठिकाणी अडले, की ब्राउझरांना माघार घ्यावी लागली. म्हणून रक्कम आणि तारीख कोडसाठी वेगळी, मूळ रूपात जपावी, आणि पडद्यावरचे रूप माणसांसाठी सोडावे. कोणते अंक हवेत हेही गृहीत न धरता स्पष्ट सांगावे. तारीख नेहमी वर्ष, महिना, दिवस या क्रमाने, महिना आणि दिवस दोन अंकी ठेवून पाठवावी. आपली दिवस-महिना-वर्ष अशी तिरक्या रेघांची तारीख मानकात बसत नाही, आणि पाच ऑगस्टचा आठ मे होऊन व्याजात फरक पडल्याचे मी पाहिले आहे.

जुन्या फॉन्टांबद्दल थोडक्यात. युनिकोडपूर्व काळातील ज्या मराठी पानांत इंग्रजी अक्षरांच्या संकेतांवर देवनागरी आकार चढवलेले होते, त्यांचा ईओटी प्रकारचा फॉन्ट इंटरनेट एक्सप्लोररशिवाय कोणी वाचत नसे, आणि त्या ब्राउझरचा आधार १५ जून २०२२ रोजी संपला. असे पान दुरुस्त होत नाही, त्याचे रूपांतरच करावे लागते. ते करताना प्रत्येक मजकुराला मराठी किंवा कन्नड अशी भाषेची खूण अवश्य लावावी, कारण मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' काही फॉन्ट ती खूण पाहूनच देतात.

मलप्रभा ९९९

अजून प्रसिद्ध न झालेल्या ब्राउझरवर चाचणी कशी घ्यायची, या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत. पहिले असे की नसलेला ब्राउझर आपणच निर्माण करावा. क्रोमच्या विकासक साधनांतील 'नेटवर्क कंडिशन्स' या कप्प्यात ओळखपंक्ती हवी तशी लिहिता येते. मी तिथे आमच्या खानापूर तालुक्यात उगम पावणाऱ्या नदीचे नाव आणि मोठा आकडा लिहितो: मलप्रभा ९९९. मग लॉगिनपासून पावतीपर्यंत पूर्ण व्यवहार करून पाहतो. कुठे फलक आला, मांडणी मोडली, मोबाईलचे पान संगणकावर उघडले, तर तिथे नाव विचारणारी एक तपासणी शिल्लक आहे असे समजावे. आमच्या सोसायटीच्या संकेतस्थळावर पहिल्या दिवशी अशा सात जागा निघाल्या, त्यांतली एक चक्क पावतीच्या छपाईत होती.

दुसरे उत्तर म्हणजे येणारी आवृत्ती आजच वापरणे. क्रोम आणि एज यांच्या बीटा, डेव्ह आणि कॅनरी, फायरफॉक्सच्या डेव्हलपर एडिशन आणि नाईटली या प्रसिद्धीपूर्व चाचणीच्या आवृत्त्या नेहमीच्या ब्राउझरशेजारी, त्याला धक्का न लावता बसतात. क्रोमच्या प्रमुख आवृत्त्यांमधील अंतर सप्टेंबर २०२१ मध्ये सहा आठवड्यांवरून चारवर आले, त्यामुळे बीटा पाहिली तरी हाती काही आठवडे मिळतात. ज्या शंभराच्या आकड्याने आमचा मार्च एंड बिघडवला, त्याची तर चार महिने आधी सोय झालेली होती: नोव्हेंबर २०२१ मधील ९६ व्या आवृत्तीत, ओळखपंक्तीत सक्तीने १०० लिहिणारी कळ क्रोमने देऊन ठेवली होती. ती मी दाबली असती, तर काउंटरवर रांग थांबली नसती, याची खंत मला आजही आहे.

सफारीची 'टेक्नॉलॉजी प्रिव्ह्यू' आवृत्ती चालवायला मॅक लागतो आणि तो आमच्या भागातील लहान कार्यालयांत सहसा नसतो. त्याऐवजी लिनक्सवरील नोमचा 'वेब' ब्राउझर किंवा प्लेराईट या चाचणीच्या साधनासोबत मिळणारे वेबकिट वापरावे. ही दोन्ही सफारीच्याच इंजिनावर चालतात. तंतोतंत सफारी नव्हे, पण मोठे दोष त्यांत दिसतात. चाचणी नेहमी संकेतस्थळाच्या प्रतीवर घ्यावी, खऱ्या ठेवींवर घेऊ नये. आम्ही सोसायटीतील एका क्लार्कच्या संगणकावर बीटा बसवली असून त्या ताई दर सोमवारी प्रतीवर एक हप्ता, एक पिग्मी आणि एक पावती करून पाहतात. त्याला पंधरा मिनिटे लागतात. दोष आपल्या कोडचा नसून बीटाचा निघाला, तर तो क्रोमियमच्या किंवा फायरफॉक्सच्या दोषनोंदणीत, लहानात लहान नमुना पान जोडून, लगेच कळवावा. आवृत्ती प्रसिद्ध होण्यापूर्वी कळवलेला दोष सुधारला जाण्याची शक्यता कितीतरी अधिक असते, आणि मराठी-कन्नड जोडाक्षरांचे दोष तर आपण कळवल्याशिवाय कोणाच्या नजरेस यायचेच नाहीत.

नवी सोय वापरायचा मोह झाला, तर ती सर्व प्रमुख ब्राउझरांत पोहोचून तीस महिने झाले आहेत का, हे मी पाहतो. २०२३ पासून 'बेसलाईन' या नावाने ही मोजदाद होते आणि तीस महिन्यांनंतर सोय 'सर्वत्र उपलब्ध' मानली जाते. उपसर्ग लावलेल्या, कळ दाबून सुरू कराव्या लागणाऱ्या किंवा मुदतीच्या प्रायोगिक सोयी ग्राहकाच्या संकेतस्थळात मी वापरत नाही.

राहिला पेमेंट गेटवे. त्याचे पान आपल्या हातात नाही, तो उद्या कोणत्या पद्धतीने सभासदाला परत पाठवेल तेही आपल्या हातात नाही, आणि कुकीचे नियम पुढेही बदलू शकतात. म्हणून 'सेमसाईट' दुरुस्त केल्यानंतरही मी तिथे थांबलो नाही. हप्ता भरायला निघतानाच सर्व्हरवर व्यवहार क्रमांकासह नोंद करून ठेवली, गेटवेकडून सर्व्हरला थेट येणाऱ्या निरोपावरून ती पक्की केली आणि परतीच्या विनंतीसोबत कुकी आली नाही, तरी व्यवहार क्रमांकावरून "आपला हप्ता जमा झाला आहे, पावतीसाठी पुन्हा लॉगिन करा" असे सांगणारे पान दाखवले. त्या पानावर नाव किंवा रक्कम येत नाही, कारण क्रमांक दुसऱ्याच्या हाती लागू शकतो. सोसायटीच्या नोंदवहीत पावती न मिळाल्याची शेवटची तक्रार त्या बदलाच्या आदल्या आठवड्यातली आहे.